शुभेच्छुक नावाचा माणूस राहतो तरी कुठे?

महापालिकेची निवडणूक झाली, बोटावरची शाई गेली, चौकातले फ्लेक्स अजून अर्धे लोंबकळतायत आणि इकडे माझ्याकडे पत्रांचा ढीग. एरवी या सदरात पार्किंगची भांडणं, भाडेकरूचं डिपॉझिट, फार तर मृत्युपत्र. यावेळी बहुतेकांचा एकच प्रश्न, एवढा पैसा आला कुठून? मी वकील नाही, पुढारी तर नाहीच. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशोब लिहिले, त्यात दोन निवडणुकांचे पण लिहिले, एकदा विधानसभेला आणि एकदा महापालिकेला, उमेदवाराच्या ऑफिसात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. तेव्हा जे माहितीये तेवढंच सांगते.

आमच्या चौकात एका भाऊंचा फ्लेक्स वर्षभर हलला नाही. आधी वाढदिवस, मग दहीहंडी, मग नवरात्र, मग दिवाळी, फोटो तोच फक्त मजकूर बदलायचा. खाली "शुभेच्छुक : समस्त मित्रमंडळ". नंतर भाऊंना तिकीट मिळालं. हा सगळा खर्च त्यांच्या निवडणूक खर्चात धरला असेल ना? आणि हे मित्रमंडळ म्हणजे कोण?
— एक वाचक, नौपाडा

नाही हो, धरला नसेल. खर्चाची वही उघडते ती उमेदवारी अर्ज भरतो त्या दिवशी आणि बंद होते निकालाच्या दिवशी. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ७७ वं कलम लोकसभा विधानसभेला हेच सांगतं आणि महापालिकेला पण वही अर्जापासूनच. त्याच्या आधी भाऊंनी हंडी लावली, गोविंदांना टीशर्ट वाटले, अष्टविनायकाच्या बसेस सोडल्या तरी ते सगळं कायद्याच्या लेखी समाजकार्य.

आता आपल्याकडची गंमत बघा. नवी मुंबईत २०१५ नंतर महापालिकेची निवडणूक थेट २०२६ च्या जानेवारीत, ठाण्यात २०१७ नंतर. मधली कित्येक वर्षं प्रशासक, नगरसेवक कोणी नाही, पण "भावी नगरसेवक" मात्र गल्लोगल्ली. त्या सगळ्या काळात जेवढा पैसा या इच्छुकांनी उधळला त्यातला एक रुपया कुठल्या वहीत नाही कारण वहीच नव्हती. आणि शेवटी मर्यादा किती, तर ठाण्यात १३ लाख, नवी मुंबईत ११ लाख. मला तर वाटतं काही जणांचा तेवढा खर्च नुसत्या आरतीच्या ताटांवर झाला असेल.

विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख, हे २०२२ पासूनचे आकडे. ऐकायला बरे वाटतात. पण ही मर्यादा उमेदवाराला, पक्षाला नाही, पक्षाने किती उडवावेत याला आपल्याकडे वरची रेघच नाही. १९७४ साली सुप्रीम कोर्टाने एका निकालात सांगितलं होतं की पक्षाने किंवा मित्रांनी उमेदवारासाठी त्याला माहीत असताना केलेला खर्च त्याच्याच खात्यात धरा, सरळ गोष्ट आहे की नाही, पण सरकारने काही दिवसांत कायदाच बदलून टाकला आणि मित्रमंडळाला मोकळं रान दिलं. २००३ मध्ये ती पळवाट बरीच आवळली, तरी पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आणि स्टार प्रचारकांचा प्रवास अजून बाहेरच आहे. मान्यताप्राप्त पक्षाला असे ४० स्टार नेमता येतात, त्यातले निम्मे आपण ओळखत पण नाही.

मित्रमंडळ कोण म्हणता? निवडणूक सुरू झाल्यावर उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या कोणी त्याच्या प्रचारावर पैसे खर्च केले तर तो गुन्हा आहे बरं का. जुन्या भारतीय दंड विधानात त्याला दंड होता पाचशे रुपये, हो पाचशेच, भारतीय न्याय संहितेत आता दहा हजारापर्यंत केलाय. म्हणजे "शुभेच्छुक" ही पदवी कायद्याने धोक्याची आहे पण परवडणारी आहे. मी वही लिहायचे तेव्हा एका सकाळी आमच्या ऑफिससमोर चार मोठे फ्लेक्स उगवले, मी विचारलं हे कोणाचे, धरायचे कुठे, तर ऑफिस सांभाळणारा पोरगा म्हणाला, "मॅडम, ते प्रेमाने लावलेत." प्रेमाला माझ्या वहीत रकाना नव्हता. बरं, चौघांचं पॅनल असलं की अजून मजा, एका फ्लेक्सवर चार चेहरे, आता तो कोणाच्या वहीत किती जायचा ते रात्री अकरा वाजता चहा पीत ठरतं.

मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. निवडणुकीआधी एका उमेदवाराच्या माणसांनी येऊन सांगितलं की सीसीटीव्ही बसवून देतो, आवारात पेव्हर ब्लॉक टाकून देतो, पावती वगैरे काही नको. कमिटीतले म्हणाले फुकट मिळतंय तर घ्या. मी घेतलं नाही, आता सगळे माझ्यावर चिडलेत. चुकलं का माझं?
— घोडबंदर रोड, ठाणे

अजिबात नाही. आणि पावती नको म्हणाले ना, तिथेच सगळं आलं. दान देणारा माणूस पावती मागतो हो, आपल्याकडे देवळात पंख्यावर पण "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" लिहून घेतात. जो पावती नको म्हणतो त्याला त्या पैशावर नाव नको असतं, स्वतःचं तरी किंवा ज्याच्या खिशातून ते आलेत त्याचं तरी.

पेव्हर ब्लॉक टाकणारा कोण होता हे बघितलंत का? बहुतेक वेळा उमेदवार पैसे देतच नाही. काम करणारा कॉन्ट्रॅक्टर स्वतःच टाकून देतो, त्याला माहीत असतं की माणूस निवडून आला, स्थायी समितीत गेला की गटारं, रस्ते, उद्यानं या सगळ्यांची टेंडरं तिथून जातात. ठाण्यात क्लस्टर आहे म्हणजे अख्ख्या वस्तीचा एकत्र पुनर्विकास, जुन्या इमारतींचं रिडेव्हलपमेंट आहे, टीडीआर म्हणजे बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकायची सोय आहे. खाडीपलीकडे नवी मुंबईत प्रकल्पग्रस्तांना परत मिळणारे साडेबारा टक्क्यांचे भूखंड. जिथे जमिनीच्या एका सहीला एवढी किंमत तिथे पाच-सात लाखांचे पेव्हर ब्लॉक म्हणजे त्याच्यासाठी बुकिंगची रक्कम. ना उमेदवाराच्या वहीत नोंद, ना कॉन्ट्रॅक्टरच्या पुस्तकात, त्याच्याकडे तो माल दुसऱ्याच कुठल्या साइटवर खपलेला असतो. तुम्ही नेहमी काळी बॅग शोधता आणि पैसा तर डंपरमधून येऊन तुमच्या आवारात अंथरला गेलेला असतो, तुम्ही त्यावरून रोज मॉर्निंग वॉक करता.

पुढच्या वेळी असं करा. नाही म्हणू नका, हो म्हणा. म्हणा की आनंद आहे, सोसायटीच्या नावाने चेक द्या, आम्ही पावती देतो, जनरल बॉडीच्या इतिवृत्तात आभाराचा ठराव घेतो, देणाऱ्याचं पूर्ण नाव लिहून. बघा कसे गायब होतात ते. आणि मतासाठी वस्तू, पैसा, सोय देणं ही कायद्याने लाचच, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमात भ्रष्ट मार्गांच्या यादीत पहिला नंबर तिचा. मात्र कोर्टात ते सिद्ध करायला कागद लागतो आणि म्हणूनच त्यांना पावती नको असते. तुमच्या कमिटीवाल्यांना हे वाचून दाखवा. चिडले तर चिडू देत.

मी ३२ वर्षं बँकेत काढली, आता वाशीला निवांत असतो. इलेक्टोरल बॉन्ड सुप्रीम कोर्टाने बंद केले तेव्हा पेढे वाटले होते. आता मित्र म्हणतात काही फरक पडला नाही, पैसा येतोच आहे. खरं काय?

काका, पेढे वाया नाही गेले, पण डबा जरा लवकर उघडलात.

तुम्ही बँकवाले म्हणून तुम्हाला जास्त मजा येईल. २०१७ च्या बजेटमध्ये अरुण जेटलींनी योजना जाहीर केली, जानेवारी २०१८ ला अधिसूचना आली. बॉन्ड म्हणजे पक्षाला नाव जाहीर न करता देणगी द्यायची चिठ्ठी, मिळायची फक्त स्टेट बँकेत, हजारापासून कोटीपर्यंत पाच किमतींचे, पंधरा दिवसांत पक्षाने वटवायचे. पटवून असं दिलं की काळा पैसा जाईल कारण केवायसी आहे. केवायसी होतीच की! बँकेला माहीत कोणी घेतला, बँकेला माहीत कोणी वटवला. २०१८ मध्येच पूनम अग्रवाल या पत्रकाराने हजार-हजाराचे बॉन्ड घेऊन तपासणी करून घेतली तर अल्ट्राव्हायोलेट उजेडात त्यावर छुपा नंबर दिसला. म्हणजे आंधळा फक्त मतदार. त्यात जोडीला कंपन्यांवरची साडेसात टक्क्यांची अट काढली, पूर्वी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच पक्षाला देता यायचं, ते गेलं. तोट्यातल्या कंपनीने पण द्या. तोट्यातली कंपनी दान कशातून देते हा प्रश्न आमच्या ऑफिसातल्या शिकाऊ पोरीला पण पडला होता, तो तिकडे कोणाला पडला नाही.

१५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने योजना रद्द केली, मतदाराच्या माहितीच्या हक्कावर घाला येतो म्हणून. मग बँकेने आकडे द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभा उरकल्यावर, कोर्टाने ती नाकारली आणि जे काम महिनोन्‌महिने लागणार होतं ते एका दिवसात झालं. तुम्ही बँकेत होतात, तुम्हीच हसा. तीस टप्प्यांत मिळून साधारण साडेसोळा हजार कोटींचे बॉन्ड विकले गेले होते. एप्रिल २०१९ नंतरचे तपशील बाहेर आले त्यात जवळपास निम्मा पैसा भाजपकडे, मग तृणमूल, मग काँग्रेस. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने घेतलेच नव्हते, उलट ते कोर्टात गेले होते. सगळ्यात मोठी देणगीदार निघाली फ्यूचर गेमिंग नावाची लॉटरीवाली कंपनी, १,३६८ कोटी, आणि तिच्यामागे ईडीची चौकशी आधीपासून होती. छापा कधी पडला आणि बॉन्ड कधी घेतला अशा तारखा पत्रकारांनी शेजारी शेजारी मांडल्या, त्यात बऱ्याच कंपन्या निघाल्या. तारीख जुळली म्हणजे गुन्हा झाला असं मी म्हणणार नाही, हिशोबाच्या धंद्यात मी तेवढं शिकले. पण ऑडिटरने पेन्सिलीने गोल करावा एवढं तर नक्की आहे.

आता फरक पडला का. पडला, एवढाच की पैसा परत जुन्या वाटांनी वाहू लागला. एक वाट इलेक्टोरल ट्रस्टची, २०१३ पासून आहे. कंपन्या ट्रस्टला देतात, ट्रस्ट वर्षाच्या आत ९५ टक्के पक्षांना वाटतो. देणाऱ्यांची यादी मिळते, घेणाऱ्यांची यादी मिळते, पण कोणाचे कोणाकडे गेले ते नाही कळत, लग्नातल्या आहेरासारखं, पाकिटं सगळी एका पिशवीत. तरी बॉन्डपेक्षा बरं, निदान नावं तरी दिसतात. दुसरी वाट लहान पावत्यांची. पक्षाला वीस हजाराच्या वरच्या देणगीदाराचं नाव आयोगाला द्यावं लागतं, त्याच्या खालच्याचं नाही. रोख फक्त दोन हजारापर्यंत घेता येते, ही मर्यादा २०१७ ला आणली आणि मोठी सुधारणा म्हणून मिरवली. अहो, ज्याला वीस हजाराची एक बोगस पावती फाडता येते त्याला दोन हजाराच्या दहा फाडता येत नाहीत का, पुस्तक जरा लवकर संपेल एवढंच. आणि तिसरी वाट सगळ्यात जुनी, जिला पावतीपुस्तक लागतच नाही. तिच्याबद्दल तुमचे मित्र बोलतायत आणि त्यात ते बरोबर आहेत.

माझी मुलगी न्यू जर्सीला असते. ती म्हणते तिकडे पण "डार्क मनी" म्हणून प्रकार आहे. मला वाटायचं अमेरिकेत सगळं कसं लिहून पुसून. असं असतं का?
— एक आजी, नेरूळ

आजी, तिकडे लिहून असतं बरंच. उमेदवाराला कोणी एकूण दोनशे डॉलरच्या वर दिले की त्या माणसाचं नाव, गाव, नोकरी सगळं सरकारी यादीत, कोणीही बघावं. पण २०१० मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सिटिझन्स युनायटेड नावाच्या खटल्यात पाच विरुद्ध चार असा निकाल दिला की कंपन्या आणि संघटना उमेदवाराशी संगनमत न करता स्वतंत्रपणे हवा तेवढा प्रचारखर्च करू शकतात. मग पैसा आला संस्थांमधून. तिकडे काही संस्था करकायद्याने "समाजकल्याण" गटात मोडतात, पाचशे एक सी चार म्हणतात त्यांना, त्यांना देणगीदारांची नावं जाहीर करावी लागत नाहीत. आपलं मित्रमंडळच म्हणा, फक्त रजिस्टर केलेलं.

ओहायो राज्यातली गोष्ट मुलीला विचारा, तिला माहीत असेल. तिथल्या विधानसभेचा स्पीकर लॅरी हाऊसहोल्डर, त्याच्या अशाच एका संस्थेत फर्स्टएनर्जी या वीज कंपनीकडून साधारण सहा कोटी डॉलर आले, त्यातून त्याचे उमेदवार निवडून आले, तो स्पीकर झाला आणि मग २०१९ ला अणुवीज प्रकल्पांना एक अब्जाहून जास्त डॉलर देऊन वाचवणारा कायदा पास झाला, पैसे अर्थात वीजबिलातून, म्हणजे लोकांच्या. पकडला गेला, २०२३ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे कोणाला झाली असं मला आठवत नाही. म्हणजे चोरी तिकडे पण तशीच, पण निदान एकाला तरी आत घातलं. काळजी घ्या, आणि मुलीला सांगा आपल्याकडचे फ्लेक्स तरी नजरेला दिसतात.

ताई, मी कॉलेजला आहे, ऐरोलीचा लोकल मीम पेज चालवतो, फॉलोअर्स बऱ्यापैकी आहेत. इलेक्शनच्या वेळी एकाने रील टाकायचे पैसे दिले, कॅश, आणि सांगितलं की पक्षाचं नाव घेऊ नकोस फक्त समोरच्या उमेदवाराची खेच. मी टाकल्या चार. काही प्रॉब्लेम होईल का? मित्र म्हणतो सगळेच करतात.

अरे बाळा, सगळेच करतात हे वाक्य मी ज्यांच्या ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यांच्यापैकी निम्मे नंतर माझ्या साहेबांच्या केबिनमध्ये नोटीस घेऊन बसलेले बघितलेत.

तू जे केलंस ना ते आत्ताचं सगळ्यात सोपं लपवण्याचं साधन आहे. बघ, विधानसभा लोकसभेला साधं चार आण्याचं पत्रक छापायचं तरी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७अ कलमाने त्याच्यावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव पत्ता लागतो, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. म्हणून प्रेसवाले घाबरतात, मी स्वतः बघितलंय, नाव टाकल्याशिवाय मशीन चालू करत नाहीत. फेसबुक इन्स्टावर पैसे भरून राजकीय जाहिरात दिली तर तिथे पण कोणी पैसे भरले ते लिहावं लागतं आणि मेटाच्या ॲड लायब्ररीत जाऊन कोणीही बघू शकतं, खर्चाचा अंदाजे आकडा पण असतो. गुगलचं पण तसंच आहे. अर्थात तिथे पण "ठाणे बोलतंय" छापाची पेजेस असतात (हे नाव मी बनवलंय, खरंच कोणाचं असेल तर माफी), मागे कोण ते कळत नाही, पण निदान काहीतरी नोंद राहते. तुझी रील मात्र जाहिरातच नाही. तुला हातात कॅश मिळाली, तू पोस्ट टाकलीस, प्लॅटफॉर्मला वाटलं पोराचं मत आहे. बघणाऱ्याला पण तेच वाटलं, आणि तो खरा मुद्दा, कारण तुझ्यावर त्यांचा विश्वास होता म्हणून तर तुला विकत घेतलं. उमेदवाराने त्याच्या वहीत ते लिहिलं असेल असं मला तरी वाटत नाही, आणि आयोगाच्या नियमाने सोशल मीडियावरचा प्रचारखर्च पण वहीत यायला हवा.

घाबरून जाऊ नकोस, चार रीलवरून पोलीस येणार नाहीत. पण खोटं काही टाकलं असशील कोणाबद्दल तर काढून टाक आजच. आणि पुढच्या वेळी कोणी आलं तर पैसे खात्यात मागायचे आणि रीलवर "पेड" लिहायचं. धंदा जाईल म्हणतोस? जाईल.

निवडणुकीच्या आदल्या रात्री आमच्या चाळीत पाकिटं वाटली. आईने घेतलं. म्हणाली घेतले सगळ्यांचे, मत दिलं माझ्या मनाने. हे पाप आहे का?
— कळवा

पापाचं मला विचारू नका, कायद्याचं सांगते, देणारा घेणारा दोघं दोषी, वर्षभरापर्यंत कैद. तरी मी तुमच्या आईला काही बोलणार नाही. आमच्या वहीत त्या पाकिटांना काय म्हणायचे माहितीये? काहीच नाही. नुसतं "लक्ष्मीदर्शन" म्हणायचे तोंडी, आणि वाटणारी पोरं अर्धी पाकिटं स्वतःच ठेवायची म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवायला अजून पोरं. तेवढ्यासाठी तरी पुढच्या विधानसभेला मोबाइलवर निवडणूक आयोगाची सी-व्हिजिल ही तक्रारीची सोय घेऊन ठेवा, फोटो किंवा व्हिडिओ तिथल्या तिथे पाठवायचा, शंभर मिनिटांत कारवाईचं उद्दिष्ट असतं. नाव न सांगता पण तक्रार करता येते. चाळीत राहायचंय ना शेवटी.

मी निवृत्त शिक्षक. उमेदवारांनी शेवटी किती खर्च दाखवला हे सामान्य माणसाला बघायला मिळतं का? की ते पण गुलदस्त्यात?
— चरई, ठाणे

सर, तुमचं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

मिळतं. निकालानंतर ३० दिवसांच्या आत उमेदवाराला हिशोब जमा करावाच लागतो, हरलेल्याला पण, अपक्षाला पण. नाही केला आणि सबळ कारण नसलं तर आयोग तीन वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतो. आणि विधानसभा लोकसभेचा हिशोब कोणीही जाऊन बघू शकतो, त्याची फी निवडणूक नियमांत लिहिलीये, एक रुपया. १९६१ चे नियम आहेत, नंबर ८८, रुपयाचा काय भाव होता तेव्हा आणि आज काय, फी तीच. साक्षांकित प्रत हवी असली तर तिचे वेगळे. महापालिकेचा हिशोब राज्य निवडणूक आयोगाच्या नियमांनी जातो, तिथे सरळ माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून.

मी स्वतः गेले होते एकदा, एका विधानसभेनंतर, कुठे ते सांगत नाही. मी लिहिलेली वही नव्हे, समोरच्या उमेदवाराची बघायची होती, निव्वळ चौकसपणा. टेबलावरच्या माणसाला म्हटलं एक रुपया घ्या. त्याने माझ्याकडे बघितलं, रुपयाकडे बघितलं, मग आतल्या साहेबांकडे गेला. एक रुपयाची पावती कुठल्या पुस्तकावर फाडायची यावर अर्धा तास गेला. त्याने चहा मागवला, चहा दहा रुपयांचा. शेवटी वही आली.

तीन रंगांची पानं असतात त्यात, पांढरी रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचारात निदान तीन वेळा निरीक्षकांकडून ती तपासून घ्यावी लागते. आणि बाजूला आयोगाची माणसं स्वतःची एक वही ठेवतात, छाया नोंदवही म्हणतात तिला, सभेचं व्हिडिओ शूटिंग करून खुर्च्या मोजतात, गाड्या मोजतात, जिल्ह्याच्या दरपत्रकाने किंमत लावतात. त्या दरपत्रकात वडापावपासून मंडपापर्यंत सगळ्यांचे भाव असतात. दहा हजाराच्या वरचं पेमेंट रोख करायचं नाही, म्हणून बिलं बघितलीत तर साडेनऊ हजार, नऊ हजार आठशे, साडेनऊ हजार, असंच दिसतं, मंडपवाल्याचं, रिक्षावाल्याचं, झेंडेवाल्याचं. मी पण अशी लिहिलीयेत, खोटं कशाला बोलू.

त्या वहीत ज्या सभेला मी स्वतः गर्दीत उभी होते, जिथे पाय ठेवायला जागा नव्हती आणि बिर्याणीच्या डेग मागच्या गल्लीत रात्री बारापर्यंत चालू होत्या, त्या सभेच्या तारखेला नोंद होती चहा ५० कप, वडापाव ६०. बिर्याणीचा उल्लेख नव्हता. मी त्या माणसाला दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, बिर्याणी शुभेच्छुकांनी दिली असेल."